धर्माचा रकाना आणि जातीचा रकाना

(हिंगोली येथे वर्षावासातील धम्मवर्गापुढे एका वकील बंधूंनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर वाचकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



त्रिशरण आणि पंचशील ग्रहण करून आपण येथे बसलो आहोत. आपल्यापैकी काहींच्या घरी धम्म आजोबांच्या पिढीपासून नांदत आहे, तर काही कुटुंबांनी गेल्या दोन-चार वर्षांतच दीक्षा घेतली आहे. या नव्या कुटुंबांना समोर ठेवूनच मी आज बोलणार आहे. धम्माचा उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही; ते काम भिक्खूसंघाचे आहे. मी कोर्टात उभा राहणारा माणूस आहे. कागद वाचणे, कागदातील खोच शोधणे आणि एका चुकीच्या शब्दापायी माणसाचे किती नुकसान होते ते रोज पाहणे, हा माझा व्यवसाय. म्हणून मी केवळ एका कागदाविषयी बोलणार आहे. तो कागद शिरगणतीचा आहे, आणि त्यातल्या दोन रकान्यांविषयी मला सांगावयाचे आहे. एक धर्माचा आणि दुसरा जातीचा.

एक जुनी आठवण

१९९१ साली शिरगणती झाली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमच्या वस्तीवर प्रगणक म्हणून एक गुरुजी आले. वडील मजुरीला गेले होते. घरी आई होती. गुरुजींनी विचारले, "धर्म?" आई म्हणाली, "बौद्ध." त्यांनी पुढे विचारले, "जात?" आई डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "ती सोडली, गुरुजी. आता आम्हाला जात नाही." गुरुजी हसले, त्यांनी काही लिहिले की नाही ते मला दिसले नाही, आणि ते पुढच्या घरी गेले.

आईचे उत्तर ऐकून त्या वेळी माझी छाती भरून आली होती. आजही येते. अक्षरओळख नसलेल्या एका मजूर स्त्रीने सरकारी माणसाच्या तोंडावर असे ताठ उत्तर द्यावे, ही साधी गोष्ट नव्हे. परंतु पुढे कायद्याचा अभ्यास केल्यावर मला कळले की, त्या एका उत्तराने आमचे सहा माणसांचे कुटुंब बौद्धांत मोजले गेले असेल, पण अनुसूचित जातींत बहुधा मोजले गेले नाही. आईचे धर्माविषयीचे उत्तर पूर्णपणे खरे होते. जातीच्या रकान्यातील प्रश्न मात्र तिला कोणी समजावूनच सांगितला नव्हता. तो प्रश्न तिच्या श्रद्धेविषयी नव्हताच. तो तिच्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाविषयी होता.

हा फरक समजून घेणे हेच आजच्या व्याख्यानाचे प्रयोजन आहे.

चौतीस वर्षांची किंमत

या फरकापायी आपल्या समाजाने काय सोसले, ते नव्या कुटुंबांना ठाऊक असले पाहिजे. भारतीय घटनेच्या ३४१ व्या अनुच्छेदान्वये राष्ट्रपतींनी १० ऑगस्ट १९५० रोजी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात असे कलम होते की, हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूर येथे आपल्या लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, आणि त्या आदेशाच्या शब्दांनुसार हा सारा समाज एका दिवसात यादीच्या बाहेर फेकला गेला. दीक्षा घेतल्याने घरातले दारिद्र्य गेले नव्हते. गावच्या विहिरीवर आपल्याला पाणी भरू देत नव्हते. सवर्णांच्या लेखी आपण कालचेच होतो. केवळ सरकारी दप्तराच्या लेखी आपण निराळे झालो.

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले, आणि त्या राज्याने नवबौद्धांना राज्यापुरत्या शैक्षणिक व नोकरीविषयक सवलती दिल्या. हे योग्यच झाले. परंतु अनुसूचित जातींची यादी बदलण्याचा अधिकार घटनेने केवळ संसदेला दिलेला असल्यामुळे केंद्राच्या नोकऱ्या आणि विधिमंडळातील राखीव जागा यांचे दार बंदच राहिले. १९६२ च्या निवडणुकीत नागपूरच्या एका राखीव मतदारसंघातून डी. पी. मेश्राम हे विधानसभेवर निवडून आले. त्यांच्या निवडीला पंजाबराव यांनी आव्हान दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. धर्म मानणे म्हणजे आपली श्रद्धा उघडपणे जाहीर करणे, असा अर्थ न्यायालयाने लावला. मेश्राम यांनी बौद्ध धर्म उघडपणे स्वीकारलेला असल्यामुळे ते राखीव जागेस पात्र नाहीत असे ठरले. वकिलीच्या पहिल्या वर्षी हा निवाडा वाचला तेव्हा माझ्या मनात एकच विचार आला. श्रद्धा लपविणाऱ्याला जागा मिळते आणि श्रद्धा जाहीर करणाऱ्याची जागा जाते, असा हा कायदा होता!

या कायद्याने आपल्या घराघरात दुटप्पीपणा शिरला. विहारात 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणावयाचे आणि शाळेत मुलाचे नाव घालताना 'हिंदू' लिहावयाचे. ज्यांनी असे लिहिले त्यांना मी दोष देत नाही. मुलाच्या भाकरीसाठी बापाने केलेली ती तडजोड होती. पण जो दोष कायद्याचा होता तो आपल्या मनाला चिकटला, आणि कायदा बदलल्यावरही तो पुष्कळांच्या मनातून गेला नाही.

कायदा बदलला तो १९९० साली. संसदेने त्या वर्षीच्या १५ व्या अधिनियमाने आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात बौद्ध हा शब्द घातला, आणि ३ जून १९९० पासून हिंदू, शीख व बौद्ध या तिन्ही धर्मांतील अनुसूचित जातींना सारखाच हक्क मिळाला. १९५६ ते १९९० अशी चौतीस वर्षे! माझ्या आईच्या दारी गुरुजी आले तेव्हा या कायद्याला नऊ महिनेही झाले नव्हते. कायदा दिल्लीत झाला होता. त्याची वार्ता आमच्या वस्तीवर कोणी आणली नव्हती.

तेरा लाखांचा हिशेब

आता आकडे पाहू. आकड्यांना कंटाळू नका. राज्यकारभार आकड्यांवर चालतो आणि ज्याला आपला आकडा ठाऊक नाही त्याचा वाटा दुसरा घेऊन जातो.

आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ साली बौद्धांची नोंद होती २,४८७. दहा वर्षांनी, १९६१ साली, ती झाली २७,८९,५०१. जगाच्या इतिहासात शिरगणतीच्या कागदावर असा पालट क्वचितच दिसेल. हा पालट घडविणारी माणसे कोण होती? ती श्रीमंत नव्हती, शिकलेली नव्हती, आणि 'बौद्ध' लिहिल्याने आपल्या सवलती जातील हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरी त्यांनी ते लिहिले.

२०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५,३१,२०० भरली. २००१ साली राज्याच्या लोकसंख्येत बौद्धांचे प्रमाण शेकडा ६.०३ होते, ते २०११ साली ५.८१ वर आले. आता दुसरा आकडा घ्या. त्याच शिरगणतीत महाराष्ट्रातील अनुसूचित जातींची एकूण संख्या १,३२,७५,८९८ होती, आणि त्यांतील बौद्धांची संख्या होती ५२,०४,२८४. पहिल्या आकड्यातून हा आकडा वजा करा. १३,२६,९१६ उरतात. म्हणजे बौद्ध म्हणून मोजले गेलेले, परंतु अनुसूचित जातींत न मोजले गेलेले तेरा लाखांहून अधिक लोक या राज्यात आहेत.

हे सारेच पूर्वाश्रमीचे अस्पृश्य होते असे मी म्हणणार नाही. त्यांत आदिवासी असतील, इतर समाजांतून धम्मात आलेले लोक असतील. पण कोर्टात आणि वस्त्यांवर इतकी वर्षे वावरल्यावर मी निःशंकपणे सांगतो की, माझ्या आईसारखे उत्तर देणारी पुष्कळ घरे या तेरा लाखांत आहेत. २०११ च्या कुटुंब-अनुसूचीत सातवा प्रश्न धर्माचा होता आणि आठवा अनुसूचित जाती-जमातीचा. आठव्या प्रश्नात यादीतील जातीचे नाव लिहावयाचे होते. 'बौद्ध' हे त्या यादीतील नाव नाही, कारण बौद्ध ही जात नाही. ज्याने तेथे नुसते 'बौद्ध' सांगितले, तो अनुसूचित जातींच्या गणनेतून आपोआप गळाला.

गळाला म्हणजे काय झाले? गावाचे उदाहरण घेऊ. एका गावाची लोकसंख्या १,८०० आहे असे समजा. दीड हजारांहून अधिक आणि तीन हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावास ग्रामपंचायतीचे नऊ सदस्य मिळतात. त्या गावात अनुसूचित जातींचे, बौद्ध धरून, ४०० लोक आहेत. घटनेच्या २४३-ड या अनुच्छेदाप्रमाणे लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखून ठेवावयाच्या, म्हणजे नवापैकी दोन. आता या ४०० पैकी २०० जणांनी जातीच्या रकान्यात 'बौद्ध' सांगितले, तर कागदावर अनुसूचित जातींचे उरले २००, आणि राखीव जागा उरली एक. कोणी हिरावून घेतली नाही, कोणी दंगल केली नाही, कोणी लाच खाल्ली नाही. आपणच दिलेल्या एका शब्दाने ती जागा गेली. हाच न्याय विधानसभेला, लोकसभेला आणि लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक निधीला लागू आहे.

जात सांगणे म्हणजे जात मानणे काय?

येथे कोणी उपासक उठून मला विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की "वकीलसाहेब, आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्या. सर्व माणसे समान आहेत असे आम्ही मानतो. मग प्रगणकापुढे जातीचे नाव उच्चारणे हा प्रतिज्ञाभंग नव्हे काय?"

प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून त्याचे उत्तरही मी प्रामाणिकपणे देतो. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. त्या कायद्याखाली सुटलेल्या मजुराला पुनर्वसनाची मदत हवी असेल तर 'मी अमुक मालकाचा वेठबिगार होतो' असे त्याला अधिकाऱ्यापुढे सांगावे लागते. असे सांगताना तो मालकाची मालकी मान्य करतो काय? मुळीच नाही. तो मालकाविरुद्ध साक्ष देतो. गुलामी मानणे आणि गुलामीची साक्ष देणे या परस्परविरुद्ध गोष्टी आहेत. जातीच्या रकान्यात पूर्वाश्रमीच्या जातीचे नाव सांगणारा बौद्ध माणूस अशीच साक्ष देतो. तो म्हणतो, "ज्या व्यवस्थेने माझ्या घराण्याला शेकडो वर्षे गावाबाहेर ठेवले, तिने आमच्यावर मारलेला शिक्का हा होता. मी तो शिक्का मानत नाही. पण मारणाऱ्याचे ऋण अजून फिटलेले नाही."

धर्माच्या रकान्यात आपण काय झालो ते सांगावयाचे. जातीच्या रकान्यात आपल्यावर काय लादले गेले ते सांगावयाचे. एकात गौरव आहे, दुसऱ्यात दावा आहे. दावा मांडताना लाज कशाची?

बाबासाहेबांनाही हा प्रश्न टाळता आला नव्हता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी येवले येथे धर्मांतराची घोषणा केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या परिषदेत 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण केले. धर्म बदलल्यास राजकीय हक्कांचे काय होईल, या शंकेचा त्यांनी त्या भाषणात सविस्तर विचार केला आहे. धर्माचा विचार एका ठिकाणी आणि हक्काचा विचार दुसऱ्या ठिकाणी, पण दोन्हींचा विचार एकाच माणसाने करावयाचा, ही शिकवण आपण तेथून घ्यावी.

जे कोणी आपल्या बुद्धीला अनुसरून जातीचे नाव सांगणारच नाहीत, त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. माझी आई त्यांच्यातलीच होती. माझे म्हणणे इतकेच की, त्या उत्तराची किंमत ठाऊक असून ते द्यावे. अजाणतेपणी हक्क गळू देणे हा त्याग नव्हे.

चार गैरसमज

आता वस्त्यांवर फिरताना मला जे गैरसमज नेहमी आढळतात ते एकेक करून पाहू.

पहिला गैरसमज असा की, धर्म 'बौद्ध' लिहिला तर मुलाचे आरक्षण जाते. ३ जून १९९० पूर्वी ही भीती खरी होती. त्यानंतर ती खोटी आहे. आज भीतीपोटी 'हिंदू' सांगणारा माणूस मेलेल्या कायद्याला घाबरतो आहे.

दुसरा गैरसमज असा की, शिरगणतीत जे सांगू ते पुढे जातपडताळणीत आपल्याविरुद्ध काढतील. १९४८ च्या जनगणना अधिनियमाचे १५ वे कलम असे सांगते की, शिरगणतीच्या नोंदी कोणास पाहावयास मिळणार नाहीत आणि दिवाणी-फौजदारी कामात त्या पुराव्यात घेता येणार नाहीत. तेव्हा या नोंदीने तुमचा दाखला मिळत नाही आणि जातही नाही. परंतु याच अधिनियमाच्या ८ व्या कलमाप्रमाणे विचारलेल्या प्रश्नाचे आपल्या माहितीप्रमाणे खरे उत्तर देणे प्रत्येकास बंधनकारक आहे. बौद्ध असून 'हिंदू' सांगणे हे धम्माला सोडून आहे, आणि कायद्यालाही सोडून आहे.

तिसरा गैरसमज शिकलेल्या लोकांत आढळतो. ते म्हणतात, "कायद्याने बौद्धही हिंदूच आहेत, मग भेद कशाला?" १९५५ चा हिंदू विवाह अधिनियम बौद्धांना लागू आहे, ही गोष्ट खरी. घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात हिंदू या शब्दात शीख, जैन व बौद्ध यांचा समावेश केला आहे, हेही खरे. पण तो समावेश त्या अनुच्छेदातील धार्मिक संस्था सर्वांना खुल्या करण्याच्या उपखंडापुरताच आहे. विवाहाचा कायदा एक असल्याने धर्म एक होत नाही. केंद्र सरकारने १९९३ साली बौद्धांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले आहे, ते धर्म वेगळा असल्याशिवाय काय?

चौथा गैरसमज नव्याने दीक्षा घेतलेल्यांचा आहे. मातंग, चर्मकार, ढोर आदी समाजांतून आलेले बंधू विचारतात, "हा १९९० चा कायदा छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांसाठीच आहे काय?" तसे नाही. महाराष्ट्राच्या यादीत ५९ अनुसूचित जाती आहेत. त्यांतील कोणत्याही जातीच्या माणसाने कोणत्याही वर्षी धम्म स्वीकारला तरी त्याचा अनुसूचित जातीचा दर्जा कायम राहतो. याची दुसरी बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. जे बंधू या यादीबाहेरच्या समाजातून धम्मात आले, ते दीक्षेमुळे अनुसूचित जातीचे होत नाहीत. त्यांनी आपली जी मूळ जात आहे तीच सांगावी. धम्मात सत्य प्रथम, हक्क नंतर.

हिंगोलीच्या माणसाची विशेष अडचण

जातीचा दाखला काढताना आपल्या जिल्ह्यातील माणसाला जी अडचण येते ती पुण्या-नाशकाच्या माणसाला येत नाही. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० रोजी आपले पूर्वज कोठे राहत होते हे पाहिले जाते. त्या दिवशी आपली हिंगोली हैदराबाद राज्यात होती. निजामी राजवट १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली, पण मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षेनंतर अठरा दिवसांनी. पुढे १ मे १९९९ पर्यंत आपण परभणी जिल्ह्यात होतो. त्यामुळे आजोबांच्या कागदावर राज्य हैदराबाद, जिल्हा परभणी, लिपी बहुधा उर्दू आणि साल फसली असते. आणि नातवाच्या अर्जावर राज्य महाराष्ट्र, जिल्हा हिंगोली असते. गाव एकच, घराणे एकच, पण कागद परस्परांना ओळखत नाहीत!

सेनगाव तालुक्यातील एका तरुणाची हकीगत सांगतो. केंद्र शासनाच्या एका खात्यात त्याची निवड झाली. त्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर धर्म व जात या दोन्ही जागी 'बौद्ध' एवढाच शब्द होता. मूळ जातीचे नाव कोठेच नसल्यामुळे कागद परत आले. आम्ही शोध घेतला तेव्हा त्याच्या आजोबांच्या थोरल्या भावाची नोंद एका जुन्या शाळेच्या उर्दू नोंदवहीत सापडली. तिचा उतारा, तिचे भाषांतर, वंशावळ, शपथपत्रे हे सारे जमेपर्यंत मुदत संपली. त्या तरुणाची जागा गेली. दुसऱ्या वर्षी त्याच्या धाकट्या बहिणीला त्याच कागदांवर दाखला मिळाला. तो दाखला घ्यावयास भाऊच आला होता. जाताना मला म्हणाला, "वकीलसाहेब, माझा शब्द वडिलांनी अभिमानाने लिहिला होता. त्याच्यापुढे अजून एक शब्द लिहावा लागतो, हे आम्हाला कोणी सांगितले नाही."

तेव्हापासून मी ज्या ज्या वस्तीवर जातो तेथे तो शब्द सांगतो.

घरी गेल्यावर करावयाचे

ज्या शिरगणतीची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली आणि जिची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ ही ठरविली गेली, तिच्यात १९३१ नंतर प्रथमच सर्वांची जात नोंदविण्याचा निर्णय झाला. याआधी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने बहुमताने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याची मुभा राज्यांना दिली आहे. त्या प्रश्नावर आपल्यात मतभेद आहेत आणि ते राहणार. परंतु वाटणी कोणत्याही पद्धतीने होवो, ती मोजलेल्यांचीच होईल. न मोजलेल्याचा वाटा कोणत्याच हिशेबात धरला जात नाही.

म्हणून घरी गेल्यावर पुढील गोष्टी करा. घरातील स्त्रियांना या दोन रकान्यांचा अर्थ आधी समजावून सांगा. प्रगणक येतो तेव्हा पुरुष बहुधा शेतावर किंवा मजुरीवर असतात. उत्तर स्त्रीच देते. धर्म विचारल्यास 'बौद्ध' सांगावे. 'नवबौद्ध', 'जयभीमवाले' असे काही सांगू नये. जात विचारल्यास यादीतील मूळ जातीचे नाव सांगावे. कोणी प्रगणक न विचारता आडनावावरून किंवा वस्तीवरून रकाना भरीत असेल, तर त्याला नम्रपणे थांबवून काय लिहिले ते वाचून दाखवावयास सांगावे. जाणूनबुजून खोटी नोंद करणारा प्रगणक जनगणना अधिनियमाच्या ११ व्या कलमाखाली शिक्षेस पात्र ठरतो. भांडण करण्याचे कारण नाही. कायदा आपल्या बाजूने आहे आणि शांतपणे बोलणाऱ्याला तो अधिक उपयोगी पडतो.

मुलाचे नाव शाळेत घालताना धर्म 'बौद्ध' आणि जात मूळ नावाने, असे दोन्ही शब्द आपापल्या रकान्यात लिहवून घ्या. शाळा सोडल्यावर ही नोंद बदलून घेणे फार कठीण जाते. आजोबा-पणजोबांचा जो काही कागद असेल, शाळेचा उतारा असो, खासरा पत्रक असो, जमिनीचा जुना कागद असो, उर्दूत असला म्हणून तो टाकून देऊ नका. चुलीजवळच्या फळीवर धुराने काळा झालेला कागदही पुढे कोर्टात बोलतो.

शेवटी पुन्हा आईकडे येतो. ती आता थकली आहे. काही दिवसांपूर्वी मी तिला विचारले, "आई, प्रगणक आले तर काय सांगशील?" ती म्हणाली, "धर्म बौद्ध." मी विचारले, "आणि जात?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्यांना सांग, आमच्या बापजाद्यांना महार म्हणून गावाबाहेर ठेवलं होतं. तेवढं लिहून घ्या."

कायद्याच्या सगळ्या पुस्तकांतून मला जे सांगता आले नसते ते तिने त्या एका वाक्यात सांगितले. आपणही तेच सांगा, आणि मान वर ठेवून सांगा.

नमो बुद्धाय! जय भीम!